गंधाचा मागोवा : एका संशोधनाचें परीक्षण

मराठी टीकाकाराच्या मेजावर कादंबरी येते, नाटक येतें, काव्यसंग्रह येतो, क्वचित् एखादें चरित्रहि येतें. शास्त्रज्ञाचें संशोधन मात्र तेथें परीक्षणासाठीं सहसा येत नाहीं. तें वाचकांपुढें येतें तें पारितोषिकाच्या बातमीबरोबर किंवा मृत्युलेखांतून. आणि या दोन्ही प्रसंगीं गुणदोषांची चर्चा शिष्टसंमत नसल्यामुळें, स्तुतीचीं चार विशेषणें वाहून लेखक मोकळा होतो. याचा परिणाम असा झाला आहे कीं, शास्त्रज्ञ म्हटला म्हणजे आमच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें एक तर ऋषि उभा राहतो, नाहीं तर यंत्र. या मनुष्यानें कोणता प्रश्न निवडला, तो सोडविण्याची कोणती रीत पत्करली, त्या रीतीनें काय हातीं लागलें व काय निसटलें, हें आम्ही कवीविषयीं विचारतों, शास्त्रज्ञाविषयीं विचारीत नाहीं. वास्तविक संशोधन हीहि एक रचनाच आहे. तिलाहि आरंभ, मध्य व अंत असतो. तिच्यांतहि सूत्र असतें किंवा नसतें. तिच्यांतहि प्रामाणिकपणा व दिखाऊपणा हे ओळखूं येतात. मग तिचें परीक्षण कां होऊं नये?

या समजुतीनें डॉ. वेरॉनिका रॉड्रिग्ज यांच्या संशोधनाचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. कीटकांचें मज्जाशास्त्र, आणि त्यांतहि कीटकांस वास व चव कशी कळते, हा बाईंचा विषय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांच्या कार्याचा मोठा भाग झाला, शेवटचीं वर्षें बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत गेलीं, आणि १० नोव्हेंबर २०१० रोजीं कर्करोगानें त्या निवर्तल्या. ज्यांचें नांव शास्त्रज्ञांच्या वर्तुळांत आदरानें घेतलें जातें व मराठी वाचकाच्या कानीं बहुधा पडत नाहीं, अशांपैकीं त्या एक होत. परीक्षणासाठीं जी कसोटी आम्ही घेणार आहों ती मात्र मुंबईची नाहीं, वडनेर भोलजीची आहे; आणि ती कां, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

वडनेर भोलजी हें बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यांतील, मुंबई-नागपूर हमरस्त्यावरचें गांव. मुलूख काळ्या जमिनीचा, आणि त्या जमिनीचें जुनें पीक कपाशी. या मुलखांत कपाशीस पात्या धरूं लागल्या कीं शेतांत काठ्यांना कामगंध सापळे टांगतात. वर झांकण, खालीं नरसाळें, नरसाळ्यास लोंबणारी प्लास्टिकची लांब पिशवी, आणि झांकणाखालीं एवढीशी रबरी गोळी. त्या गोळींत गुलाबी बोंडअळीच्या मादी-पतंगाचा कृत्रिम गंध भरलेला असतो. मनुष्यास तो जाणवत नाहीं. नर-पतंगास तो अंधारांत लांबून कळतो, तो गोळीभोंवतीं फिरूं लागतो आणि पिशवींत पडतो. एका सापळ्यांत रात्रींत आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्रीं सांपडले, म्हणजे कीड नुकसानीच्या पातळीस पोंचली असें समजावें, अशी कृषिशास्त्रज्ञांची शिफारस आहे. सकाळीं पिशवी सोडून पतंग मोजणारा शेतकरी वस्तुतः एका कीटकाच्या घ्राणेंद्रियाचें मापन करीत असतो. ज्या शिवाराचें वर्ष एका पतंगाच्या नाकावर अवलंबून, त्या शिवारास कीटकाच्या नाकाचें शास्त्र परकें म्हणतां येत नाहीं. म्हणून आमचा प्रश्न असा: ज्या बाईंनीं आपलें आयुष्य कीटकाच्या नाकास वाहिलें, त्यांच्या कार्याचें मोल वडनेरच्या शेतकऱ्यानें काय करावें?

बाईंचें घराणें मूळचें गोव्याचें. जन्म १९५३ सालीं केनियांत. शिक्षण प्रथम युगांडांतील माकेरेरे विद्यापीठांत व नंतर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत. तेथें असतांना ओबेद सिद्दिकी यांचे जंतूंच्या आनुवंशिकतेवरील निबंध त्यांच्या वाचनांत आले, आणि त्यांनीं या अपरिचित संशोधकास पत्र लिहून त्यांच्या हाताखालीं काम करण्याची इच्छा कळविली. होमी भाभांच्या पाठिंब्यानें सिद्दिकींनीं १९६२ सालीं टाटा संस्थेंत रेणवीय जीवशास्त्राची शाखा काढली होती. गणित व पदार्थविज्ञान यांच्या त्या घरांत जीवशास्त्राचा पाट तेव्हां प्रथम मांडला गेला. पुढें सिद्दिकी जंतू सोडून माशीकडे वळले. कॅलिफोर्नियांत सीमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनीं, ऊष्मा वाढतांच लुळ्या पडणाऱ्या माशांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला व तो १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. भारतांतील हुशार विद्यार्थी पश्चिमेकडे जात असण्याच्या त्या काळांत ही विद्यार्थिनी पश्चिमेकडून मुंबईस आली. येथें देशभक्तीचा प्रसंग रंगविण्याचा मोह चरित्रकारास अनावर होईल. आमच्या मतें त्या पत्रामागें प्रश्नाची ओढ होती. आपला प्रश्न जेथें जिवंत आहे तेथें जावें, ही खऱ्या संशोधकाची वृत्ति, आणि तिला कोणत्याहि झेंड्याचा आधार लागत नाहीं.

आतां हा प्रश्न काय होता तें पाहूं. पिकल्या केळ्याभोंवतीं घोंघावणारें, ज्यास आपण चिलट म्हणून हातानें वारतों, तें ड्रोसोफिला या जातीचें असतें. त्याच्या कपाळावरील प्रत्येक शृंगिकेंत वास ओळखणाऱ्या मज्जापेशी सुमारें बाराशें. त्याच्या सर्व मेंदूंत पेशी सुमारें एक लक्ष चाळीस हजार. मनुष्याच्या मेंदूंत त्या आठ हजार कोटींहून अधिक. एवढ्याशा भांडवलावर हें चिलट आंबलेलें फळ हुडकतें, विषारी वासापासून दूर राहतें, जोडीदार ओळखतें, आणि एखाद्या वासाबरोबर त्रास झाला असेल तर तो वास लक्षांत ठेवतें. बाहेरचा वास म्हणजे हवेंत तरंगणारे कांहीं रेणु. आंतलें ज्ञान म्हणजे कांहीं पेशींत उठलेले विजेचे सूक्ष्म स्पंद. रेणूंचें ज्ञान कसें होतें? मध्यें काय घडतें? हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं पूर्वीं आपल्या भाषेंत विचारलाच आहे. बाईंनीं तो अशा प्राण्यास विचारला, जो खोटें बोलूं शकत नाहीं व ज्याची संतति दहा-बारा दिवसांत तयार होते.

उत्तर काढण्याची रीत बेंझर-सिद्दिकी परंपरेची. जिनिंगच्या कारखान्यांत शिरून एकेका यंत्राचा एकेकच दांता काढावा, आणि सरकी नेमकी कोठें अडते तें पाहावें, म्हणजे तो दांता कशासाठीं होता तें कळतें. तद्वत् माशांच्या जनुकांत रसायनांच्या योगें फरक घडवावयाचा, त्यांच्या हजारों वंशजांपुढें दोन फांट्यांची नळी ठेवावयाची, एका फांट्यांत वास व दुसऱ्यांत निव्वळ हवा सोडावयाची, आणि ज्या माशा चुकीच्या बाजूस वळतील त्यांस निवडून काढावयाचें. सिद्दिकींच्या समवेत १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बाईंनीं अशा गंधहीन व रुचिहीन माशांच्या जाती वर्णिल्या. त्यांतील मौज अशी कीं, या सगळ्याच माशा सरसकट बधिर नव्हत्या. एखाद्या जातीस एका वर्गाचे वास कळत नसत, दुसरे व्यवस्थित कळत असत. म्हणजे वासाचें ज्ञान हा एकच दरवाजा नसून अनेक दरवाजे आहेत, व त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या जनुकांच्या हातीं आहेत, हें मत त्या चुकणाऱ्या माशांनींच पुढें मांडलें.

हाच विचार १९८१ सालच्या चवीवरील निबंधांत अधिक सुबकपणें उतरला आहे. त्यांतील माशीस ग्लुकोजच्या गटांतील साखर बेताचीच जाणवते, पण फळांतील फ्रुक्टोज पूर्वींप्रमाणेंच गोड लागतें. आमच्या जिभेस दोन्ही गोडच. पण त्या माशीनें दाखवून दिलें कीं, ‘गोड’ हा एक शब्द असला तरी त्याच्यामागें निदान दोन निरनिराळे ग्राही आहेत. शब्दानें एकत्र बांधलेल्या गोष्टी प्रयोगानें सोडवून दाखविणें, हें टीकाकाराचेंहि काम आहे; म्हणून हा निबंध आम्हांस विशेष आवडतो. त्यांत युक्तिवाद स्वच्छ आहे, दावा मापांत आहे, आणि पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलहि टाकलेलें नाहीं.

यानंतर बाई जर्मनींत ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेंत गेल्या, आणि तेथें एरिख बुखनर यांच्याबरोबर त्यांनीं केलेलें काम, आमच्या मतें, त्यांच्या कारकीर्दीचा मध्य होय. मज्जापेशी काम करूं लागली कीं तिला साखर लागते. तेव्हां माशीस किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली अशी एक साखर द्यावयाची, जी पेशी आंत घेते पण पचवूं शकत नाहीं. मग माशीस एकच वास सतत हुंगवावयाचा, तिच्या मेंदूचे अति पातळ काप काढावयाचे, आणि ते छायाचित्राच्या फितीवर ठेवावयाचे. ज्या पेशी त्या वासानें जाग्या झाल्या त्यांच्यांत साखर सांचलेली असते. तेथें फीत काळी पडते. माशीच्या मेंदूंत शृंगिकांकडून येणारे तंतु जेथें उतरतात, त्या भागांत तंतूंचे छोटे छोटे गोल गुच्छ असतात. १९८४ व पुन्हां १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दिसलें कीं, वास बदलला कीं काळे पडणारे गुच्छ बदलतात. वासाला मेंदूंत जागा आहे; प्रत्येक वास म्हणजे त्या गुच्छांच्या नकाशावरील एक निराळी आकृति आहे.

ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकांत आली असल्यामुळें तिचें नावीन्य जाणवत नाहीं. पण ज्या काळीं हे निबंध लिहिले गेले त्या काळीं वासाचा एकहि ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. उंदराच्या नाकांतील ग्राहींचीं जनुकें लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं शोधून काढलीं व त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माशीचे ग्राही सांपडले ते १९९९ सालीं, अमेरिकेंतील निरनिराळ्या प्रयोगशाळांत. त्यानंतर असें ठरलें कीं, सामान्यतः एका प्रकारचा ग्राही धारण करणाऱ्या सर्व पेशींचे तंतु मेंदूंतील एकाच ठराविक गुच्छास जाऊन मिळतात, आणि असे गुच्छ माशींत पन्नासाच्या घरांत आहेत. म्हणजे नकाशा आधीं निघाला, आणि नकाशावरील गांवांचीं नांवें दहा-पंधरा वर्षांनीं कळलीं.

येथें गुणांबरोबर उणिवाहि सांगणें परीक्षकास प्राप्त आहे. तो काळा नकाशा ढोबळ होता. त्यांत काळाचा क्रम दिसत नाहीं. प्रथम कोणता गुच्छ जागा झाला व मागून कोणता, हें फितीवरील डागांस सांगतां येत नाहीं, कारण सर्व वेळाची बेरीज तेथें एका डागांत होते. दुसरें असें कीं, उत्परिवर्ती माशांचा जो संग्रह मुंबईंत जमला, त्याचें पूर्ण पीक मुंबईच्या खळ्यांत आलें नाहीं. वासाच्या ग्राहींप्रमाणेंच साखरेच्या ग्राहीचें जनुकहि २००१ सालीं परदेशांतच प्रथम ओळखलें गेलें. माशी चुकते हें पाहून जनुकापर्यंत जाण्याचा मार्ग लांबचा होता. त्या सुमारास माशीचा सबंध जनुकसंच वाचला जात होता, आणि संगणकाच्या साह्यानें त्यांत थेट ग्राही हुडकण्याचा जवळचा मार्ग दुसऱ्यांनीं धरला. प्रश्न आधीं विचारणारा व उत्तर आधीं मिळविणारा हे नेहमीं एकच असतात असें नाहीं. स्तुतिपर लेखांत हें वाक्य येत नाहीं, म्हणून तें आम्ही येथें मुद्दाम लिहितों.

परंतु ही उणीव सांगून झाल्यावर तिचें वजनहि केलें पाहिजे. शर्यतींत मागें पडलेला संशोधक पुष्कळदां प्रश्नच बदलतो. जो विषय त्या वेळीं गाजत असेल त्याच्या मांडवांत जाऊन बसतो. बाईंनीं प्रश्न बदलला नाहीं, तो खोल नेला. वासाचा नकाशा आहे, हें ठरल्यावर त्यांनीं विचारलें कीं, हा नकाशा मुळांत काढतो कोण? अळींतून कोश, कोशांतून माशी असें रूपांतर होत असतां शेंकडों तंतु शृंगिकेंतून निघतात व अंधारांत नेमक्या आपल्याच गुच्छास जाऊन मिळतात. हें त्यांस कोण शिकवितें? शृंगिकेवरील कांहीं घ्राणकेशांच्या घडणीचा आरंभ ‘एटोनल’ या जनुकानें होतो, असें त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या समवेत १९९७ सालीं दाखविलें. आणि बाहेरून आलेले तंतु व त्यांच्या भोंवतालच्या आधारपेशी मिळून मेंदूंतील गुच्छांची रचना लावतात, असें २००० सालच्या निबंधांत मांडलें. १९७८ च्या चुकणाऱ्या माशीपासून येथपर्यंत सूत्र एकच आहे. मध्यें साधनें बदललीं, प्रयोगशाळा बदलल्या, प्रतिस्पर्धी पुढें गेले. प्रश्न मात्र तोच राहिला. साहित्यांत ज्यास आम्ही निष्ठा म्हणतों ती हीच.

असो. आतां वडनेरचा शेतकरी काय म्हणेल तें ऐकलें पाहिजे. तो म्हणेल, हें सर्व ठीक. पण या चिलटांनीं माझ्या बोंडाचें काय राखलें? हा प्रश्न अडाणी नाहीं. या मुलखानें कीटकाची किंमत मोजलेली आहे. बोंडअळीस मारील म्हणून २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीनें ती विषबाधा हळूहळू पचविली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांत बोंडें फोडून पाहावीं तों आंत अळी, अशी गत झाली. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या माणसाच्या घराजवळून असा प्रसंग गेला आहे, त्यास ‘ज्ञानासाठीं ज्ञान’ हें उत्तर देणें उद्धटपणाचें होईल.

तसेंच खोटें उत्तर देणेंहि बरें नाहीं. कामगंधाचा सापळा बाईंच्या संशोधनांतून निघालेला नाहीं. त्याची वंशावळ रसायनशास्त्राची आहे. आडोल्फ बुटेनांट यांनीं वीस वर्षें खपून, रेशमाच्या पतंगाच्या पांच लक्ष माद्यांपासून त्यांचा कामगंध वेगळा केला व १९५९ सालीं तो जाहीर केला. गुलाबी बोंडअळीचा कामगंध १९७३ सालीं अमेरिकेंत ओळखला गेला. तो दोन जवळजवळ सारख्या रसायनांचें निमेनिम मिश्रण आहे. चिलटाच्या मेंदूवरील निबंधांचा त्यांत हात नाहीं. आणि पतंग म्हणजे चिलटहि नव्हे. असा संबंध ओढून ताणून जोडणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. त्यांनीं विज्ञानाचा मान वाढत नाहीं.

मग संबंध कोठें आहे? तो पाहण्यासाठीं फवारणीच्या पंपांत काय असतें हें विचारावें. शेतकरी ज्यास औषध म्हणतो, त्यांतील पुष्कळशीं औषधें हीं मज्जातंतूंचीं विषें आहेत. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांच्या वर्गाचीं विषें मज्जेचा संदेश वेळीं संपविणाऱ्या एन्झाइमास बंद पाडतात, आणि संदेश न संपल्यामुळें प्राणी आंचके देऊन मरतो. पायरेथ्रॉईड वर्गाचीं विषें मज्जातंतूच्या भिंतींतील सोडियमचें दार मिटूं देत नाहींत. हें दार ज्या जनुकानें घडतें त्यास माशींत ‘पॅरॅलिटिक’ असें नांव आहे. आणि सिद्दिकी व बेंझर यांनीं १९७६ सालीं अभ्यासिलेल्या लुळ्या माशांत या जनुकाचा बिघाड असलेल्या माशाहि होत्या. तें जनुक सोडियमच्या दाराचें, हें १९८९ सालीं कळलें. आणि फवारणी करूनहि कित्येक कीटक मरेनासे कां होतात याचें एक कारण त्याच दाराच्या घडणींत झालेला बदल होय, हें त्यामुळें उलगडलें. म्हणजे जें शास्त्र वडनेरच्या शेतकऱ्यास दूरचें वाटतें, तें त्याच्या पाठीवरच्या पंपांत पूर्वींपासूनच बसलेलें आहे. कीटकाची मज्जा व मनुष्याची मज्जा या एकाच मूळ रीतीनें चालतात. माशीचा अभ्यास माणसास उपयोगी पडतो तो त्यामुळें, आणि माशीचें विष माणसास बाधतें तेंहि त्यामुळेंच. यवतमाळास जें घडलें त्याचें एक कारण या साम्यांत आहे. हें सत्य फवारणाऱ्या मजुरापर्यंत त्याच्या भाषेंत पोंचविणें हें कोणाचें तरी कर्तव्य होतें.

उलट कामगंधाचा मार्ग निराळा आहे. विष सर्व मज्जांस समान असणाऱ्या भागावर प्रहार करतें. गंध एकाच जातीच्या नराच्या ग्राहीस हांक मारतो. मधमाशी त्या हांकेनें येत नाहीं, आणि मजुरास तिनें घेरी येत नाहीं. एखाद्या जातीशीं तिच्याच भाषेंत बोलावयाचें तर ती भाषा कोठें ऐकली जाते, कशी ओळखली जाते, आणि केव्हां ऐकूं येईनाशी होते, हें कळलें पाहिजे. आणि हाच तर बाईंचा विषय. पुष्कळ जातींच्या नर-पतंगांत मादीच्या गंधासाठीं मेंदूंत खास मोठे गुच्छ राखून ठेवलेले असतात. चिलटाच्या गुच्छांवर जी रीत बसविली गेली, तीच कमीअधिक फरकानें पतंगासहि लागू पडते. बाईंच्या निधनानंतर २०११ सालीं, त्यांचें नांव ज्यांत एक लेखक म्हणून आहे असा एक निबंध प्रसिद्ध झाला. एकच वास फार वेळ येत राहिला कीं माशी त्याची दखल घेणें सोडते; ही सवय शृंगिकेंत जडत नसून गुच्छांमधील, संदेश दाबून धरणाऱ्या पेशींच्या बळावण्यानें जडते, असा त्याचा निष्कर्ष. कपाशीच्या शेतांत मादीचा कृत्रिम गंध सर्वत्र भरून टाकून नरास भ्रमिष्ट करण्याचा एक उपाय आहे, व तो गुलाबी बोंडअळीवर योजिला जातो. नर नेमका कां भ्रमतो याचें एक संभाव्य कारण अशी जडलेली सवय हें आहे. प्रयोगशाळेंतील प्रश्न व शेतांतील प्रश्न येथें इतके जवळ येतात कीं, मध्यें उणें असतें तें फक्त दोघांस एकमेकांची भाषा समजावून देणारें माणूस.

हें माणूस मराठींत क्वचितच आढळतें, आणि हा दोष रॉड्रिग्जबाईंचा नाहीं, आमचा आहे. बाईंचें लेखन शास्त्रीय नियतकालिकांतील इंग्रजी निबंधांच्या रूपांत आहे. तें तसेंच असणार, कारण त्याचे वाचक जगभर विखुरलेले. पण कोणत्याहि देशांत असे निबंध वाचून त्यांचा अर्थ आपल्या लोकांस सांगणारा एक मधला वर्ग असतो. मराठींत तो होता. १९२८ सालीं पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें तें याच हेतूनें. परंतु माहिती सांगणें व मोल ठरविणें या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे आमचें दुर्लक्ष झालें. दामोदर कोसंबींचेंच उदाहरण घ्या. तेहि मूळचे गोव्याचे, व तेहि १९६२ पर्यंत टाटा संस्थेंत गणिताचे प्राध्यापक. भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक व प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून मराठी वाचक त्यांस मानतो. पण गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचें त्यांचें सूत्र आनुवंशिकतेचे अभ्यासक आजहि वापरतात, ही गोष्ट आमच्या टीकेनें कधीं फारशी विचारांत घेतली नाहीं. जें वाङ्मयाच्या अंगणांत आलें तें आम्हीं पाहिलें. जें बाहेर राहिलें तें आम्हीं नसल्यांत काढलें.

याचा तोटा शास्त्रज्ञांस होत नाहीं. त्यांचा मान त्यांस इतरत्र मिळतो. तोटा होतो तो वडनेरच्या शेतकऱ्यास. त्याच्याजवळ कीटकाचें ज्ञान कमी नाहीं. डोमकळी दिसली कीं आंत अळी आहे हें तो ओळखतो; फरदड ठेवली कीं पुढच्या सालची कीड आपणच पोसली, हें त्यास ठाऊक आहे; पऱ्हाटी शेतांत कां राहूं देऊं नये, हें तो इतरांस समजावूं शकतो. नसतें तें या ज्ञानामागील कारण. आणि कारण ठाऊक नसलेल्या मनुष्यास दुकानदार सांगेल तें औषध घ्यावें लागतें. ‘सापळ्यांत पतंग सांपडले’ एवढेंच कळणें आणि ‘हा वास नराच्या मेंदूंत कोठें जातो’ हें कळणें, यांत अंतर आहे तें आज्ञा पाळणारा व विचार करणारा या दोन माणसांमधलें अंतर आहे. सापळे पीक राखण्यासाठीं पुरेसे नाहींत, तेहि वेळेवर, सर्व शिवारांत मिळून लावले तरच फळतात. हें समजण्याससुद्धां पतंगाच्या वर्तनाची जाण लागते.

आमचा निर्णय थोडक्यांत असा. रॉड्रिग्जबाईंच्या संशोधनांत झगमगाट नाहीं. ज्या शोधांस जगानें पारितोषिकें दिलीं ते त्यांच्या हातून झाले नाहींत, आणि त्यांच्या पहिल्या नकाशांहून बारीक नकाशे इतरांनीं काढले. २०२४ सालीं तर माशीच्या सबंध मेंदूचा, पेशी-पेशींचे सांधे दाखविणारा आराखडाच प्रसिद्ध झाला. परंतु ज्या काळीं कीटकाच्या नाकांत पाहण्यासारखें कांहीं आहे असें फार थोड्यांस वाटत होतें, त्या काळीं मुंबईच्या किनाऱ्यावर बसून त्यांनीं तेथें पाहिलें. जें दिसलें तेवढेंच सांगितलें. आणि सुमारें तीस वर्षें तो एक प्रश्न हातचा सोडला नाहीं. त्यांनीं शिकविलेले विद्यार्थी आज तो पुढें नेत आहेत. कपाशीच्या शेतकऱ्यानें त्यांचे आभार मानावे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण त्याच्या बोंडावर त्यांचें थेट ऋण नाहीं. त्यानें त्यांचें काम समजून घ्यावें, एवढेंच आमचें म्हणणें. कारण त्याच्या शेतांत रात्रीं जो उडतो त्या प्राण्याच्या मनाची वाट या बाईंनीं थोडीशी उजेडांत आणली आहे. आणि तें त्यास समजेल अशा मराठींत सांगण्याचें काम आमच्यासारख्या मासिकांतून लिहिणाऱ्यांचें आहे. तें काम आम्हीं अद्याप पुरेसें केलेलें नाहीं. पुढें होणारें प्रत्येक परीक्षण तें थोडें थोडें पुरें करील.